शिंगाच्या मुठीचा चाकू

नेव्हिल परेराकडे सव्वीस चाकू होते आणि त्यांतल्या पंचविसांनी जन्मात कधी कांदा कापला नव्हता. सव्विसावा त्याच्या वडिलांचा. वॉल्टर परेरा बोटीवर खलाशी होते. कुठल्याशा बंदरात घेतलेला तो चाकू मासळी, दोर, शहाळी, नेव्हिलच्या शाळेतल्या पेन्सिली, असं सगळं कापत कापत अर्धा झिजला होता. बाकीचे पंचवीस मात्र राजपुत्र. एकेकाला मऊ कापडाची पिशवी, पिशवीत ओल शोषणाऱ्या गोळ्यांची पुडी, महिन्यातून एकदा तेलाचा हात. देवबागची हवा अशी की दाराची कडीसुद्धा दोन पावसाळ्यांत गंजून हातात येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूच्या पट्टीवर माणसं. अशा ठिकाणी पोलादाचा छंद लावून घ्यायचा म्हणजे हौसच म्हणायची. त्याची बायको रॉविना म्हणायची, "पोरांका ताप इलो तर इतक्या वेळा बघूक उठणस नाय."

छंदाचेही शिष्टाचार असतात. नेव्हिलचा फोनवर एक गट होता. त्यात बेळगावचे एक दातांचे डॉक्टर, नाशिकचे एक बँकवाले, आणखी असेच चाळीसेक जण. रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या खिशात आज कुठला चाकू आहे त्याचा फोटो टाकायचा. शेजारी घड्याळ, किल्ल्या, रुमाल असं काहीतरी नीट मांडलेलं. वर लिहायचं, 'आज खिशात'. मग बाकीच्यांनी वाहवा करायची. कापलं काय, हे कुणी विचारायचं नाही. ते विचारणं जरा गावंढळपणाचं.

पंचविसांतला लाडका होता शिंगाच्या मुठीचा. राजकोटकडच्या एका कारागिराने तो खास नेव्हिलसाठी घडवला. अकरा महिने वाट पाहायला लावली आणि पैसे घेतले ते असे की रॉविनाला आकडा सांगताना नेव्हिलने निम्माच सांगितला. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ. दोन पोलादं एकमेकांत ठोकून केलेलं बोटभर पातं, त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा बारीक रेघा. पातं उघडून जागेवर बसलं की 'टक्' असा आवाज यायचा. त्या आवाजासाठी नेव्हिल दिवसातून वीस वेळा तो उघडायचा. पण त्याचं पोलाद न गंजणाऱ्यातलं नव्हतं. मिठाचं पाणी लागलं की डाग. कारागिराने बजावून सांगितलं होतं.

आता महादूचं सांगायला हवं. महादू हा होडीवाला, अठ्ठावन्न वर्षांचा. नेव्हिलच्या होमस्टेच्या मागे खाडीवर छोटी जेटी आहे. पाहुण्यांना सकाळी डॉल्फिन दाखवायला, संध्याकाळी संगमावर फिरवायला महादूची होडी तिथे लागायची, ती बारा वर्षं. नेव्हिल त्याला काका म्हणायचा. गिऱ्हाईक पाठवणारा आणि होडीवाला एवढंच ते नातं नव्हतं. नाताळाला महादूच्या घरी करंज्यांसारख्या नेवऱ्या जायच्या, चवथीला परेरांच्या घरी मोदक यायचे. नेव्हिलच्या वडिलांना शेवटचं दवाखान्यात नेलं ते महादूच्या खांद्यावरून.

होडीवरचा माणूस एक गोष्ट कधी करत नाही. तो दोर हाताला गुंडाळत नाही. दोर मुठीत धरायचा, म्हणजे वेळ आली तर मूठ उघडता येते. गुंडाळलेला दोर सुटत नाही आणि खाडीची ओढ माणसाची भीड ठेवत नाही. महादूने हे शेकडो पाहुण्यांना ओरडून ओरडून सांगितलं होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, हंगाम संपता संपता, त्याने स्वतःच ते केलं. संध्याकाळची फेरी संपून पाहुणे वर घराकडे गेले होते. महादू जेटीवर उभा राहून होडीचा दोर खुंटाला घालत होता. ओहोटीला जोर होता. इतक्यात पनवेलहून मुलाचा, कौस्तुभचा फोन आला. डावा हात फोनला हवा, म्हणून त्याने खुंटावरून घेतलेल्या दोराचे उजव्या पंजाला दोन वेढे दिले आणि म्हणाला, "बोल रे."

होडी ओढीला लागली आणि त्याचा पंजा खुंटावर जाऊन आवळला.

नेव्हिल चार पावलांवर होता. धावत आला. होडी आणि खुंट यांच्यामधला दोर सारंगीच्या तारेसारखा ताठ झाला होता. तो कापला की काम झालं, हे कुणालाही कळलं असतं. नेव्हिललाही कळलं. त्याचा हात खिशात गेला. चाकू बाहेर आला. अंगठा पात्याला टेकला.

आणि तेवढ्यात त्याने दोर नीट पाहिला. नायलॉनचा. खाऱ्या पाण्याने चिंब, पिळापिळांत वाळू भरलेली. असा दोर कापल्यावर त्या पात्याच्या धारेचं काय होईल, हे जाणकाराला सांगावं लागत नाही.

चाकू परत खिशात गेला.

"रॉविना! सुरी हाड गो! सुरी!"

रॉविना स्वयंपाकघरातून सुरी घेऊन धावत निघाली. ती पायऱ्यांपर्यंत पोचली असेल नसेल, महादू दुसऱ्यांदा ओरडला. पहिल्यांदा ओरडला होता तो माणसासारखा. हे ओरडणं वेगळं होतं. नेव्हिलला नंतर काही आठवत नाही. टक् आवाज झाला एवढं आठवतं. एका फटक्यात दोर तुटला आणि होडी मोकळी होऊन वाहत गेली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, अशी दोन बोटं काढावी लागली. बाकीचा पंजा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून देवबागात एकच चर्चा. नेव्हिल होता म्हणून हात वाचला. त्याच्या खिशात चाकू असतो म्हणून आजवर लोक त्याची टिंगल करायचे. आता तेच लोक चहाच्या टपरीवर त्याला चाकू दाखवायला सांगू लागले. पाहुण्यांपैकी कुणीतरी ही हकिगत लिहिली, ती फिरत फिरत गटात पोचली. राजकोटच्या कारागिराचा फोन आला. आपण घडवलेल्या वस्तूने माणूस वाचवला, याहून कारागिराला काय हवं? नेव्हिल "हो, हो" म्हणत राहिला.

त्या संध्याकाळची एक गोष्ट फक्त नेव्हिललाच माहीत होती. महादूला गाडीत घालून रवाना केल्यावर मागोमाग निघायचं सोडून तो आधी घरात गेला होता. चाकू गोड्या पाण्याने धुतला, पुसला, तेल लावलं. मग दवाखान्यात गेला. हातांनी सवयीने केलं, असं तो स्वतःला सांगायचा. पण सवय तरी कुणाची?

रॉविनाने पहिल्याच दिवशी, भाताची पेज गाळता गाळता विचारलं होतं, "चाकू तुज्या खिशात होतो मा? मगे माका सुरी हाड म्हणान कित्याक आरडलंस?"

"सुचाक नाय," नेव्हिल म्हणाला.

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि भाताकडे वळली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्याने दोनदा विचारलं, थोडं आधी दोर सुटला असता तर? डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, सांगता येत नाही. पहिल्या झटक्यातच गेली असतील, किंवा नसतीलही. नेव्हिलला यातलं एकही उत्तर पक्कं मिळालं असतं तर बरं झालं असतं. तो चर्चमध्ये कुमसाराला, पापाची कबुली द्यायला गेला, फादरांच्या कानात सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "देवाने माफ केलं. आता ज्याची बोटं गेली त्याला सांगायचं राहिलं." नेव्हिलने मान हलवली आणि बाहेर आला. पावसाळाभर त्याने फक्त मानच हलवली.

चाकूवर धारेजवळ तांबूस डाग पडला होता. गटातल्या जाणकारांनी तो घालवायच्या पाच रीती सांगितल्या. नेव्हिलने एकही करून पाहिली नाही. चाकू खणात पडून राहिला आणि 'आज खिशात'ला नेव्हिल फोटो टाकेनासा झाला.

चवथ झाली, पाऊस सरला, होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या. महादूची उतरली नाही. हात बरा झाला होता, तीन बोटांनी तो जेवत होता, विडी ओढत होता, सुकाणूही सहज धरलं असतं. पण तो घरापुढच्या खळ्यात बसून असायचा. त्याची बायको सावित्री शुक्रवारी परेरांकडे मासे घेऊन यायची. जीव वाचवल्याचे मासे. पैसे घ्यायची नाही. एकदा पायरीवर बसून रडली.

"हाताचा काय नाय रे बाबा. मनातच बसलाहा. म्हणतत, दोर हाताक गुंडाळणारो माणूस होडयेर कित्याक होयो? उद्या लोकांची पोरा बुडवीन. चाळीस वर्सा होडी मारली, आनी आता म्हणतत माका अक्कल नाय."

नेव्हिलच्या हातात तिने आणलेल्या बांगड्यांची पिशवी होती. ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. आजवर त्याला वाटत होतं की आपण गप्प बसलो आहोत ते फक्त आपल्या लाजेपोटी. लाज आपली, भोगणारेही आपण. आता त्याला कळलं की त्याच्या गप्प बसण्याचा भार खळ्यात बसलेला माणूस वाहतो आहे. महादू समजत होता की दोर आवळला त्याच क्षणी बोटं गेली, सगळी चूक आपली. मधल्या वेळेचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर तो माणूस उठेल कदाचित. पण मग देवबागात नेव्हिलने तोंड कुठे लपवायचं? भित्रा माणूस असेल तर लोक समजून घेतात. चाकूला डाग पडेल म्हणून थांबलेला माणूस, हे कोण समजून घेईल? त्याचं त्यालाच समजत नव्हतं.

"नवमेक ये," सावित्री जाताना म्हणाली. "त्यांनी सांगलाहा. तो चाकू घेवन ये. हत्यारांच्या पूजेक मांडूचो हा."

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. परेरांच्या घरात ती रीत नाही, पण नेव्हिलने लहानपणापासून शेजारी पाहिलेली. नवमीच्या दिवशी दुपारी तो महादूच्या घरी गेला. पडवीत पाटावर सगळं मांडलं होतं. कोयती, पहार, नारळ खवायची विळी, इंजिनाचे पाने, मध्ये होडीचं वल्हं. प्रत्येकावर झेंडूचं फूल. महादू नवा सदरा घालून भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीखाली. तो हात आता नेहमी कशाच्या तरी खाली असायचा.

नेव्हिलने चाकू पुढे केला.

"हातात दिव नको, खाली ठेव," सावित्री म्हणाली. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, म्हणून जमिनीवर ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. नेव्हिलने तो खाली ठेवला. तिने उचलून पाटावर वल्ह्याच्या शेजारी मांडला, कुंकू लावलं, सगळ्यांत मोठं फूल त्यावर ठेवलं आणि हात जोडले.

तिने हात जोडलेले पाहिले आणि नेव्हिलला ते सहन झालं नाही.

"काका, ह्यो चाकू हंय ठेव नकात."

"कित्याक?" महादू म्हणाला.

"मी आधी काढलेलंय तो. त्या दिसा. तुमी पयल्यांदा आरडलात तेवाच. काढलंय, दोराकडे बघलंय, आनी परत खिशात घातलंय. खारा पाणी लागात, धार जायत म्हणान. मगे रॉविनाक सुरी हाड म्हणान आरडलंय. तुमी परत आरडलात, तेवा काढून कापलंय."

सावित्रीचे जोडलेले हात तसेच राहिले. महादूने विचारलं ते अगदी कामकाजाच्या आवाजात, भरतीची वेळ विचारावी तसं.

"मधी किती येळ गेलो?"

"म्हायत नाय."

"म्हायत नाय कसा? तूच होतंस मा?"

महादू उठला. पडवीच्या खांबाशी गेला आणि उजवा पंजा, त्या तीन बोटांचा, त्याने खांबावर टेकवला. नेव्हिलने तो हात इतक्या जवळून प्रथमच पाहिला.

"उचल चाकू. खिशात घाल. त्या दिसा केलंस तसाच कर, सगळा. मी मोजतंय."

"काका..."

"कर म्हणतंय."

नेव्हिलने पाटावरचा चाकू उचलला. फूल खाली पडलं. त्याने चाकू खिशात घातला. महादू त्याच्याकडे बघत होता, ओठ हलत होते. नेव्हिल चार पावलं मागे गेला, पुढे आला. खिशात हात घातला, चाकू काढला, अंगठा पात्याला लावला. समोर दोर नव्हता, पण त्याला तो दिसला, वाळूसकट. चाकू परत खिशात घातला. मान वळवून घराकडे पाहिलं. ओरडणं त्याला जमेना, त्याने नुसते ओठ हलवले. रॉविना, सुरी हाड गो. मग तो उभा राहिला. रॉविना पायऱ्यांपर्यंत यायला लागला होता तेवढा वेळ तो तिथे नुसता उभा राहिला, एका माणसाचा हात खांबावर आणि आपला हात खिशाबाहेर. जगात याहून लांब काही नसेल असं त्याला वाटलं. मे महिन्यात हेच त्याला क्षणभर वाटलं होतं.

मग चाकू निघाला. टक्.

"अकरा," महादू म्हणाला.

सावित्रीने खाली पडलेलं फूल उचललं, झटकलं आणि होडीच्या वल्ह्यावर ठेवलं. चाकूच्या जागी पाटावर नुसता कुंकवाचा ठिपका उरला होता, तो तिने बोटाने पुसून टाकला. नेव्हिलकडे तिने पाहिलं नाही.

महादूने खांबावरून हात काढला. तो परत कशाखाली लपवला नाही. हात तसाच बाजूला लोंबत राहिला.

"माका वाटला होता येकदम गेली," तो म्हणाला. "दोर आवळलो नी बोटा गेली. मी म्हटलंय, ह्या वयात बुद्धी गेली." मग त्याने नेव्हिलच्या तोंडाकडे पाहिलं आणि चेहरा हळूहळू लाल होत गेला. "रांडेच्या. चार म्हयने मी माकाच गाळी घालतंय. सकाळी उठान, रातीक निजताना. येकट्याक. आजपासून अर्धी वाटणी तुजी."

"होय, काका."

"काका म्हणू नको."

नेव्हिलने चाकू मिटून खिशात घातला.

"होडयेक इंजिनाचा तेल हा काय गो?" महादूने सावित्रीला विचारलं. तिने मान हलवली. "मगे उद्या काढतंय. तुजी गिराइका आसतली तर सकाळी सातांक जेटीर धाड." आणि नेव्हिल पायरी उतरू लागला तेव्हा मागून म्हणाला, "तू येव नको."

घरी येऊन त्याने रॉविनाला सगळं सांगितलं, न विचारता, एका दमात. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही.

"माका त्याच दिसा कळलेला," ती म्हणाली. "तू कदी सांगतंस, ह्याची वाट बघी होतंय."

दसऱ्याला सकाळी कोल्हापूरच्या पाच पाहुण्यांना घेऊन रॉविना जेटीवर गेली. त्यांच्यातली पोरं नाचत पुढे पळाली. नेव्हिल मागच्या दारात उभा राहिला. तिथून माडांमुळे जेटी दिसत नाही, आवाज मात्र सगळे येतात. पोरांना दटावणारा महादूचा आवाज आला. सगळ्यांनी खाली बसा, दोराला कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांशी तो नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचा, आजही तसाच बोलला. मग इंजिन दोनदा फुसफुसलं आणि लागलं. चार महिन्यांत नेव्हिलने तो आवाज ऐकला नव्हता. त्याला भरून आलं, हुंदका आला, आणि त्यात आनंद किती आणि दुःख किती हे त्याने शोधलं नाही. जेटीपर्यंतची वाट जेमतेम साठ पावलांची. तो दारातच थांबला. त्याला येऊ नको म्हटलं होतं.